शिकण्याचे वय

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे टिटवाळ्याच्या पुढचे स्टेशन खडवली. जवळूनच भातसा नदी वाहते, आणि सुटीच्या दिवशी मुंबईकडची मंडळी येथे उतरून नदीच्या वाटेला लागतात. गाडी थांबते, आपण खिडकीतून एकवार बाहेर पाहतो, पाटीवरची चार अक्षरे डोळ्यांखालून जातात आणि उतरावयाचे की बसून राहावयाचे हे आपल्याला कळते. ह्या क्रियेला आपण वाचन असे म्हणतही नाही, इतकी ती आपल्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु त्याच डब्यात एखादी वृद्ध बाई मांडीवर गाठोडे घेऊन बसलेली असते आणि प्रत्येक स्टेशनाला शेजाऱ्याला विचारीत असते, "कंचं आलं, बाबा?" शेजारी सांगेल ते खरे. तो झोपी गेलेला असला, तर तिचे स्टेशन मागे पडावयाचे!

अशा बाईविषयी आपण सहज म्हणून जातो, "बिचारीचे शिकण्याचे वय निघून गेले." हे वय कोणी ठरविले, ते खरोखरच निघून जाते काय, आणि गेलेच असेल तर त्या माणसाचे समाजाकडे काही येणे उरते की नाही, ह्या प्रश्नांचा विचार गेली पावणेदोनशे वर्षे निरनिराळ्या देशांत चालू आहे. आपल्या महाराष्ट्राने त्यात घातलेली भर लहान नाही. तिचाच थोडासा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

कल्याणहून वासिंदपर्यंतचा लोहमार्ग १८५५ साली खुला झाला. म्हणजे खडवलीच्या शिवारातून आगगाडी धावू लागली ती त्या वर्षी. योगायोग असा, की त्याच १८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी आपल्या घरी मजुरांसाठी व शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. मुलींच्या शाळेला तेव्हा सात वर्षे झाली होती. मुलांना शिकविले म्हणजे पुढची पिढी शहाणी होईल, हा हिशेब कोणालाही समजण्यासारखा होता. परंतु दिवसभर राबून आलेल्या, मिशा पिकू लागलेल्या माणसापुढे पाटी ठेवावयाची, ही कल्पना त्या काळी विलक्षणच म्हटली पाहिजे. पण जोतीरावांचा प्रश्न पुढच्या पिढीपुरता नव्हता. ज्याच्या नावावर कर्ज लिहिले जाते आणि ज्याला ते वाचता येत नाही, तो माणूस आज जिवंत आहे. त्याला मुलगा शिकून शहाणा होईपर्यंत थांब असे कसे सांगावयाचे? अविद्येने काय काय अनर्थ केले हे त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितले. त्याची सुरुवात ह्या रात्रीच्या शाळेतच शोधावी लागते.

ह्याच सुमारास युरोपात, डेन्मार्कसारख्या लहानशा देशात, दुसरा एक प्रयोग चालू होता. ग्रुंटविग ह्या धर्मोपदेशकाच्या विचारांवरून १८४४ साली रोडिंग ह्या गावी पहिले लोकविद्यालय निघाले. शेते बर्फाखाली असत त्या हिवाळ्याच्या महिन्यांत शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी येऊन तेथेच राहावे, इतिहास, भाषा, गाणी आणि देशाचा कारभार ह्यांचा अभ्यास करावा आणि वसंत ऋतूत नांगराकडे परतावे, अशी ती व्यवस्था. परीक्षा नाही, पदवी नाही. पुस्तकापेक्षा गुरूच्या तोंडच्या बोलण्यावर ग्रुंटविगचा भर अधिक होता. १८६४ साली प्रशियाकडून पराभव होऊन डेन्मार्कचा मोठा मुलूख गेला, तेव्हा देशाचे मन सावरण्याच्या कामी ह्या विद्यालयांचा फार उपयोग झाला. पुढे तेथे सहकारी दूधसंस्थांचे जे जाळे पसरले, त्यात ह्याच विद्यालयांतून गेलेल्या शेतकऱ्यांचा हात होता, असे तेथील इतिहासकार सांगतात. आपल्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच, की ह्या विद्यालयाचा दरवाजा नोकरीकडे उघडत नव्हता. तो माणसाला त्याच्याच शेताकडे, पण अधिक जाणता करून, परत पाठवीत होता.

इंग्लंडात हा विचार कामगारांतून आला. १९०३ साली आल्बर्ट मॅन्सब्रिज ह्यांनी कामगारांच्या शिक्षणासाठी संघ स्थापन केला, आणि १९०८ पासून रिचर्ड टॉनी हे विद्वान अर्थशास्त्रज्ञ लाँगटन व रॉचडेल ह्या कारखान्यांच्या गावी जाऊन तेथील कामगारांना इतिहास व अर्थशास्त्र शिकवू लागले. वर्ग तीन वर्षांचा असे, निबंध लिहावे लागत, आणि शिक्षकाशी वाद घालण्याची मुभा असे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख ए. एल. स्मिथ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल सादर केला. प्रौढांचे शिक्षण ही थोड्या हौशी लोकांची चैन नसून राष्ट्राची कायमची गरज आहे, आणि ते सर्वांना व जन्मभर मिळाले पाहिजे, हे त्या अहवालाचे सार. 'आजीव शिक्षण' ह्या कल्पनेला सरकारी कागदावर एवढे स्पष्ट स्थान मिळण्याचा हा आरंभीचा प्रसंग होय. दहा वर्षांनी, १९२९ साली, बॅसिल यीक्सली ह्यांनी ह्याच नावाचा ग्रंथ लिहिला.

आता आपल्याकडे पाहू. आपल्याकडे जन्मभर शिकण्याचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो स्त्रियांच्या बाबतीत. मुलगी आठव्या-दहाव्या वर्षी सासरी जावयाची. म्हणजे तिचे शिकण्याचे वय सुरू होण्यापूर्वीच संपावयाचे. रमाबाई रानडे ह्यांनी लग्नानंतर, घरातल्या वडील बायकांचे टोमणे सोशीत, मुळाक्षरे गिरविली. त्याच रमाबाईंच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले आणि संसारात पडलेल्या व विधवा स्त्रियांसाठी तेथे वर्ग भरू लागले. धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, हे सर्वश्रुतच आहे. त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही अशा खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि त्यासाठी ते पुण्यात दारोदार वर्गणी मागत फिरले. जन्मभर शिकावे हे खरेच. पण जन्मभर दुसऱ्याच्या शिक्षणाची काळजी वाहावी, हे त्यापुढचे पाऊल अण्णासाहेबांनी टाकून दाखविले.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर ह्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि प्रौढशिक्षण हे प्रथमच सरकारच्या कर्तव्यांत गणले गेले. १९३९ साली मुंबई शहरासाठी प्रौढशिक्षणाची स्वतंत्र समिती नेमली गेली, व कामगारवस्तीतल्या चाळींतून वर्ग भरू लागले. ह्या कार्यात कुलसुम सयानी ह्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. वर्ग संपला की शिकलेला माणूस वाचणार काय, ही अडचण त्यांनी वेळीच ओळखली, आणि १९४० पासून सुमारे वीस वर्षे 'रहबर' नावाचे पाक्षिक देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत काढले. भाषा सोपी हिंदुस्थानी आणि मजकूर मोठ्या माणसाला रुचेल असा. पन्नास वर्षांच्या गिरणीकामगाराच्या हाती बालवाचनमाला देणे म्हणजे त्याचा अपमानच करणे. हे ओळखणारी माणसे तेव्हाही थोडीच होती.

श्रोतेहो, १९४५ च्या जानेवारी महिन्यात महाराष्ट्रात दोन परिषदा भरल्या. त्या दोन्ही मला एकाच वेळी आठवाव्याशा वाटतात. एक वर्ध्याजवळ सेवाग्रामला. तुरुंगातून सुटून आलेल्या गांधीजींनी तेथे सांगितले, की नयी तालीम ही सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती ठेवून चालणार नाही, तिने जन्मापासून मरणापर्यंतचे सारे आयुष्य व्यापले पाहिजे. तेव्हापासून नयी तालीमच्या योजनेत प्रौढशिक्षणाचा समावेश झाला. इंग्लंडच्या अहवालात जी गोष्ट राष्ट्राची गरज म्हणून आली होती, ती येथे जीवनाचा धर्म म्हणून आली.

दुसरी परिषद भरली खडवलीच्या अलीकडच्याच स्टेशनावर, टिटवाळ्यास. ७ जानेवारी १९४५ रोजी तेथे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची किसान सभेची परिषद झाली. तिच्या चालकांत गोदावरीबाई परुळेकर होत्या. ह्या बाईंनी १९३७-३८ च्या सुमारास साक्षरताप्रसाराच्या कार्यात पुढाकार घेतला होता. म्हणजे प्रौढांच्या हाती पाटी देण्याचा अनुभव त्यांना होता. टिटवाळ्यास त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते. माह्या धांगडा हे त्यांतलेच एक. आपल्यासारखीच गांजलेली माणसे उभी राहून बोलतात, आपले गाऱ्हाणे चारचौघांत मांडतात, हे त्या वारल्यांनी तेथे पाहिले, आणि तो निरोप घेऊन ते आपल्या पाड्यांवर परत गेले. त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचे प्रचंड आंदोलन उभे राहिले. गोदावरीबाईंनी ती हकीकत पुढे १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात सांगितली. ज्यांना आपले नाव लिहिता येत नव्हते, त्यांनी त्या वर्षी आपल्या नावाला मान मिळविला. ह्यालाही शिक्षणच म्हटले पाहिजे, आणि तेही प्रौढांचे. अक्षरज्ञान हे त्याचे एक अंग. ते कधी आधी येते, कधी मागून.

स्वातंत्र्यानंतर ह्या कल्पनेला 'समाजशिक्षण' असे नाव मिळाले. १९४८ साली मौलाना आझादांनी ते पुढे मांडले. १९४९ साली डेन्मार्कमध्ये, हॅम्लेटच्या नाटकामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एल्सिनोर येथे, युनेस्कोने प्रौढशिक्षणाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. त्याच वर्षी जपानने समाजशिक्षणाचा कायदा केला आणि गावोगावच्या सार्वजनिक शिक्षणगृहांना त्यात स्थान दिले. म्हणजे मुंबई, एल्सिनोर आणि टोकिओ ह्या तिन्ही ठिकाणी माणसे साधारण एकाच वेळी एकाच विचाराला येऊन पोहोचली होती.

ह्यानंतरचा धडा मात्र कडू आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. चौदा ते पन्नास वर्षांपर्यंतच्या निरक्षरांना चार महिन्यांत वाचावयास, लिहावयास आणि हिशेब करावयास शिकवावयाचे, शिकविणाऱ्याने मोबदला घ्यावयाचा नाही, आणि सारे गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ करावयाचा. खेडीच्या खेडी ईर्ष्येने ह्या कामाला लागली. मोहीम लवकरच राज्यभर पसरली आणि तिचे नाव परदेशांतही झाले. परंतु पुष्कळ गावी समारंभाची पताका उतरली, कंदील विझला, आणि पुढे वाचावयास काहीच हाती न आल्यामुळे गिरविलेली अक्षरे हळूहळू पुसत गेली.

ह्याच्याशी १९६१ सालची क्यूबा देशातील मोहीम ताडून पाहावी. तेथे सुमारे एक लाख विद्यार्थी कंदील घेऊन खेड्यापाड्यांत शिकविण्यास गेले आणि वर्षभरात सुमारे सात लाख माणसे साक्षर झाली. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकाने देशाच्या प्रमुखाला पत्र लिहावयाचे होते. त्या राजवटीविषयी कोणाचे काहीही मत असो. पण मोहीम संपताच त्यांनी पुढच्या वर्गांची तजवीज केली आणि नवसाक्षरांना सहाव्या इयत्तेपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले, हे मान्य केले पाहिजे. उत्साहात आमचे गावकरी त्यांच्यापेक्षा उणे नव्हते. उणीव राहिली ती मोहिमेनंतरच्या दिवसाची.

१९७२ साली फ्रान्सचे माजी पंतप्रधान एडगर फोर ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने युनेस्कोला जो अहवाल दिला, त्याने आजीव शिक्षण हे साऱ्या शैक्षणिक धोरणाचे मूळ तत्त्व मानावे असे सुचविले. १९९६ साली जाक देलोर ह्यांच्या आयोगाने तोच विचार पुढे नेला. त्या आयोगात आपले डॉ. करणसिंग सभासद होते. ज्ञान मिळविणे, काम करावयास शिकणे, इतरांबरोबर राहावयास शिकणे आणि माणूस म्हणून घडणे, हे शिक्षणाचे चार आधार त्याने सांगितले. पण व्यवहारात ह्या चारांपैकी दुसराच आधार सगळ्यांत जाड होत गेला. नवी यंत्रे आली, जुने धंदे बुडू लागले, आणि श्रीमंत देशांच्या सरकारांना आजीव शिक्षणात मुख्यत्वेकरून कामगाराला पुन्हा कामाजोगा करण्याचे साधन दिसू लागले. २०१५ साली सिंगापूरने पंचवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला नवे कौशल्य शिकण्यासाठी ठरावीक रक्कम देण्याची योजना जाहीर केली. ही योजना चांगली नाही असे कोण म्हणेल? पोटाचा प्रश्न मोठाच आहे. पण ज्याचे कमावण्याचे वय संपले, त्याने शिकावे की नाही, ह्याचे उत्तर अशा योजनेत सापडत नाही.

आपल्याकडे तर हे उत्तर नियमातच लिहिले गेले होते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम घ्या, किंवा १९८८ चे राष्ट्रीय साक्षरता अभियान घ्या. दोहोंनी डोळ्यांपुढे ठेवलेला वयोगट पंधरा ते पस्तीस वर्षांचा. पैसा थोडा आणि निरक्षर कोट्यवधी, तेव्हा कर्त्या वयाच्या माणसांपासून आरंभ करावा, असा त्यामागचा हिशेब. तो हिशेब चूक होता असे म्हणवत नाही. परंतु त्या हिशेबात छत्तीस वर्षांची बाई बसत नव्हती, मग साठ वर्षांच्या आजीबाईची काय कथा! पुढे २००९ च्या साक्षर भारत योजनेत आणि २०२२ साली मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील सर्वांना वाट मोकळी झाली. १९८९ साली नाशिकला निघालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने तर शाळा सुटलेल्या माणसासाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवून पदवीपर्यंतचा रस्ता खुला केला.

आणि आता मी पुन्हा ठाणे जिल्ह्यात येतो. खडवली ज्या कल्याण तालुक्यात आहे, त्याच्या शेजारी मुरबाड तालुका; त्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. २०१६ साली शिवजयंतीच्या उत्सवात तेथे पोथीचे वाचन चालले असता गावातल्या काही वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखविले, की आम्हालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते! गावच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर ह्यांनी ते शब्द मनावर घेतले. अंबरनाथच्या मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेने पाट्या, दप्तरे आणि गुलाबी नऊवारी लुगडी दिली, आणि त्याच वर्षी ८ मार्चला, जागतिक महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' भरली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी. वर्ग दुपारचा, घरची कामे उरकल्यानंतरचा; आणि घरी गेल्यावर अभ्यास घ्यावयाला नातवंडे! जन्मभर अंगठा उठविणाऱ्या हातांनी सही करावयास आरंभ केला. ह्या शाळेची वार्ता जगभर पसरली, आणि पुष्कळांनी तिच्याकडे कौतुकाची गंमत म्हणून पाहिले.

मला मात्र तीत गमतीपेक्षा अधिक काही दिसते. ह्या आजीबाईंना नोकरी मिळवावयाची नव्हती, कोणत्याही योजनेचा आकडा त्यांच्यावाचून अडला नव्हता. त्यांना पोथी वाचावयाची होती. रोडिंगच्या शेतकऱ्याला आपल्या देशाची कथा हवी होती, रॉचडेलच्या विणकराला आपल्या दारिद्र्याचे कारण हवे होते, टिटवाळ्यास आलेल्या वारल्याला वेठीतून सुटका हवी होती. जेथे जेथे प्रौढांचे शिक्षण रुजले, तेथे तेथे कोणी तरी शिकणाऱ्याला आधी विचारले होते, की बाबा, तुला काय हवे आहे? आणि जेथे तेवढे विचारण्याऐवजी त्याचे वय विचारून त्याची मोजदाद केली, तेथे मोजदाद संपल्यावर शिक्षणही संपले.

यास्तव धोरणे आखणाऱ्यांनी आखावीत. ती आवश्यकच आहेत. परंतु त्यांच्याबरोबर दोन गोष्टी असल्याखेरीज ती टिकत नाहीत, हे ह्या इतिहासाचे सांगणे आहे. शिकणाऱ्याची स्वतःची ओढ ही पहिली, आणि मोहिमेनंतरच्या दिवशी त्याच्या हाती वाचावयास काही तरी असणे ही दुसरी. पहिली सरकारला निर्माण करता येत नाही; ती माणसात असते, फक्त ऐकावी लागते. दुसरी मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखी आहे. आपल्या घरी भांडी घासावयाला येणारी बाई, दाराशी बसणारा पहारेकरी, गावाकडची आपलीच एखादी मावशी, ह्यांना आपण कधी तरी विचारले आहे काय, की तुम्हाला काय वाचावेसे वाटते?

पुढच्या वेळी कसाऱ्याच्या गाडीत शेजारच्या आजीबाईंनी "कंचं आलं?" म्हणून विचारले, तर अवश्य सांगा. पण सांगताना खिडकीबाहेरच्या पाटीकडे बोट दाखवा, आणि म्हणा, "आजी, हा पाहा ख." कसाऱ्यापर्यंत अजून पुष्कळ स्टेशने आहेत.